क्षमताधिष्ठित नर्सिंग शिक्षण (कोकण)

विद्यार्थिनीने किती तास वर्गात काढले आणि पेपरात किती गुण मिळवले, यापेक्षा रुग्णाजवळ उभी राहून ती कोणते काम सुरक्षितपणे पार पाडू शकते, याला महत्त्व देणारी पदवी शिक्षणाची पद्धत. इंजेक्शन देता येणे हे कौशल्य झाले. ते या रुग्णाला आत्ता द्यावे का, दिल्यावर कशावर लक्ष ठेवावे आणि डॉक्टरांना झोपेतून कधी उठवावे, हे कळणे म्हणजे क्षमता. ज्ञान, हाताचे काम, निर्णय आणि वागणूक या चारही गोष्टी तिच्यात येतात.

या विचाराची मुळे नर्सिंगबाहेरची आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1973 मध्ये बुद्धिमापनाऐवजी क्षमतेची चाचणी घ्यावी, असे मांडले. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये ‘ऑस्की’ ही एकेका स्टेशनवर कामे करून दाखवण्याची परीक्षा पुढे आणली. पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नवशिकी ते तज्ज्ञ असे परिचारिकेच्या वाढीचे पाच टप्पे सांगितले. जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये चार पायऱ्यांचा मनोरा मांडला: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. परीक्षा फार तर तिसऱ्या पायरीपर्यंत पोचते. चौथी वॉर्डातच दिसते.

भारतात नर्सिंगची पदवी 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाली. भारतीय परिचर्या परिषद 1947 च्या कायद्याने आली. परिषदेचा बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम जुलै 2021 मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला. त्याने वार्षिक पद्धत मोडून आठ सत्रे आणि श्रेयांक (क्रेडिट) आणले, सिम्युलेशन लॅबमधील, म्हणजे डमीवर सराव करण्याचे, तास ठरवून दिले आणि शेवटचे सत्र इंटर्नशिपसाठी राखले. पदवी मिळण्यापूर्वी क्लिनिकल पोस्टिंगची, म्हणजे रुग्णांजवळच्या प्रत्यक्ष कामाची, हजेरी शंभर टक्के भरावी लागते. रुग्णकेंद्री काळजी, सुरक्षितता, संवाद, संघकार्य अशा दहा मूलभूत क्षमता त्यात दिल्या आहेत. ही दहाची यादी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या चौकटीवरून बेतलेली आहे. यादीत वावगे काही नाही. मात्र तीच यादी कोकणातल्या दोडामार्ग किंवा मंडणगडला लावायची, तर तिच्यात इथले काम भरावे लागते आणि ते शिक्षकावर पडते. महाराष्ट्रात या पदवीच्या परीक्षा मुख्यतः नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. त्यामुळे कोकणातल्या आणि विदर्भातल्या मुलींना प्रश्नपत्रिका एकच असते.

इथले काम म्हणजे काय, ते सर्पदंशावरून कळेल. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखण्याची चाचणी साधी आहे: शिरेतले दोन मिलिलिटर ताजे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही आणि मग ती एकदाच तिरकी करायची. रक्त ओघळले तर ते गोठलेले नाही. चुकायला मात्र जागा पुष्कळ. नळी प्लॅस्टिकची असेल, साबणाने धुतलेली असेल किंवा उत्सुकतेपोटी दहाव्या मिनिटाला कुणी हलवली, तर निष्कर्ष फसतो. प्रतिविष सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे परिचारिकेने खाटेजवळून हलायचे नाही, कारण अंगावर गांधी उठणे, श्वास लागणे, रक्तदाब घसरणे हे तिलाच आधी दिसते. त्यावरचे औषध, ॲड्रिनॅलिन, आधीच भरून हाताशी ठेवलेले हवे. लहान मुलालाही प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण साप दोघांना सारखेच विष टोचतो. हे तोंडपाठ म्हणणारी मुलगी आणि रात्री अकराला नातेवाइकांच्या गराड्यात करणारी मुलगी यांत फरक असतो. तो मोजण्यासाठीच ही पद्धत आहे.

विंचूदंशाचे उदाहरण तर कोकणाचे स्वतःचे. महाडला काम करताना डॉ. हिंमतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. हे औषध घेतल्यावर रुग्ण एकदम उठून बसला तर रक्तदाब घसरू शकतो. त्याला आडवे ठेवणे आणि रक्तदाब पुन्हापुन्हा बघणे हे परिचारिकेकडे येते. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप येतो. चिखलात उभ्या बायकांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटताना दिवस गेलेत का, हे चारचौघांत नाही, पण न चुकता विचारावे लागते. दोडामार्ग तालुक्यात 2016 पासून गोचिडीतून पसरणारा माकडताप आढळला. तिथे तापाच्या रुग्णाला ‘काजूच्या बागेत किंवा रानात गेला होतात का, गोचीड चावली का’ हे विचारणे तपासणीचाच भाग आहे. मालवणी, संगमेश्वरी, मुसलमानी कोकणी अशा बोलींत उत्तरे येतात. पुण्याकडून आलेल्या शिक्षिकेला ती कधी विद्यार्थिनीकडून समजून घ्यावी लागतात.

खरी अडचण रुग्णसंख्येची. प्रत्येक मुलीने अमुक प्रसूती, अमुक तपासण्या लॉगबुकात नोंदवायच्या असतात. तालुक्याच्या रुग्णालयात एका बाळंतपणाभोवती बॅचच्या बॅच उभी राहते; करते एक, बघतात बाकीच्या. मनोरुग्णांच्या पोस्टिंगसाठी कोकणात सरकारी मनोरुग्णालये आहेत ती रत्नागिरी आणि ठाण्याला. दक्षिण सिंधुदुर्गातले अवघड रुग्ण गोव्याला बांबोळीला जातात, काही घाट चढून कोल्हापूरला. त्यामुळे गुंतागुंत पुढे काय वळण घेते, ते विद्यार्थिनीला दिसतच नाही. तिच्या वाट्याला येते ती रवानगी, म्हणजे रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवणे.

आणि रवानगी हीच इथली मोठी क्षमता म्हणावी लागेल, जरी परीक्षेत तिला फारसे गुण नसले. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, खोलवर देऊनच गाडीत घालायचे. कोणत्या वेळी दिला ते चिठ्ठीवर लिहायचे, म्हणजे पुढच्या रुग्णालयात कुणी तेच पुन्हा देणार नाही. 108 येईपर्यंत तिला कुशीवर ठेवायचे, नातेवाइकांना कुठे आणि का जायचे ते सांगायचे, पुढे फोन करायचा. सिम्युलेशन लॅबमधली डमी यातला डोस देण्याचा भाग शिकवते. पावसात वीज गेलेली असताना चिठ्ठी नीट लिहिणे ती शिकवत नाही.

‘ऑस्की’त विद्यार्थिनी घंटा वाजली की एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जाते आणि परीक्षक छापील यादीवर खुणा करतो. परीक्षकाच्या मर्जीला त्यात वाव कमी, हा मोठा फायदा. तोटा असा की मुली यादीच पाठ करतात. रुग्णाला नाव विचारतात आणि उत्तर यायच्या आत हात धुवायला वळतात. लॉगबुकाचेही तेच. सत्र संपत आले की सह्यांसाठी ट्यूटरच्या मागे रांग लागते. एका शिक्षकामागे दहा विद्यार्थी हे परिषदेचे प्रमाण कागदावर पाळले, तरी तो शिक्षक वॉर्डात किती वेळ असतो, यावर सगळे अवलंबून राहते.

पदवीनंतर बऱ्याच जणी मुंबईची किंवा आखाताची वाट धरतात. गावाकडे राहणाऱ्यांसाठी 2018 पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद उघडले. त्यासाठी लागणारे शिक्षण नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमातच घातले आहे. डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. मुले मुंबईत आणि घरी सत्तरीचे आईवडील, अशी वाड्यांची स्थिती. रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच बंद का केल्या, हे तिथे सूनबाईंना किंवा शेजाऱ्यांना विचारावे लागते, आणि मुलाशी बोलायचे तर गणपतीत चाकरमानी गावी येतात तोच दिवस गाठावा लागतो.