लव्हबर्डनं अंडं घातलं? ते उचलू नका

आमच्या पक्ष्यांच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“घरात एकच लव्हबर्ड आहे, सोबत नर नाही, मग पिंजऱ्यात अंडं आलं कुठून?” पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न घेऊन फोन येऊ लागतात ते थेट थंडी सरेपर्यंत. प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. अडचण अशी की फोन येतो तोवर बहुतेक घरांत ते अंडं उचलून टाकून दिलेलं असतं. पुढचा सगळा त्रास तिथून सुरू होतो, म्हणून हे पत्रक.

यात लिहिलेलं आफ्रिकन लव्हबर्डबद्दल आहे, म्हणजे पीचफेस, फिशर आणि मास्क्ड. बजरीगरलाही अनेक जण लव्हबर्डच म्हणतात. काळजी साधारण तीच, पण अंड्यांची संख्या आणि उबवण्याचे दिवस वेगळे असतात, त्यामुळे बजरीगरसाठी हे आकडे धरू नयेत.

नर नसताना अंडं कसं?

पोल्ट्रीतली कोंबडी कोंबड्याशिवाय रोज अंडं घालते, तसंच हे. वयात आलेल्या मादीला भरपूर खाणं, लांबलेला उजेड आणि आडोशाची जागा मिळाली की तिचं शरीर अंडी तयार करू लागतं. नर लागतो तो फक्त पिल्लासाठी. एकट्या मादीच्या अंड्यातून पिल्लू कधीच निघत नाही, कितीही दिवस उबवलं तरी. साधारण ८ ते १० महिन्यांच्या मादीपासून पुढे हे कधीही होऊ शकतं. अंडी दिवसाआड येतात आणि एका वेळी ४ ते ६ होतात.

आदल्या एक-दोन दिवसांत पोट खालच्या बाजूनं फुगलेलं दिसतं, सकाळची विष्ठा नेहमीपेक्षा बरीच मोठी आणि वासाची असते. पीचफेस मादी असेल तर त्याच्याही आधीपासून ती वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या कातरून कमरेच्या पिसांत खोचू लागते. ही चिन्हं दिसली तर घाबरू नका, पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे कटलबोन, आहे की नाही तेवढं बघा.

“तुम्ही तर नर म्हणून दिला होता”

हे आम्हांला ऐकावं लागतं, म्हणून स्पष्ट लिहितो. पीचफेस, फिशर आणि मास्क्ड या तिन्हींत नर-मादी दिसायला सारखेच असतात. रंगावरून, डोक्याच्या आकारावरून किंवा बसण्याच्या पद्धतीवरून जे सांगितलं जातं तो अंदाज असतो. कमरेची हाडं चाचपून मोठ्या पक्ष्यात थोडीफार कल्पना येते, पिल्लात तीही येत नाही. म्हणून आमच्या बिलावर “लिंग निश्चित नाही” असं छापलेलं असतं. खात्री हवी असेल तर डीएनए चाचणी करून घ्या. त्यासाठी छातीची चार-पाच पिसं मुळासकट उपटून घ्यावी लागतात, पिंजऱ्यात गळून पडलेली चालत नाहीत. नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवण्याचं काम दुकानात होतं.

जोडी म्हणून नेलेले दोन्ही पक्षी माद्या निघू शकतात. त्या एकमेकींना भरवतात, एकत्र झोपतात, अगदी जोडीसारख्या वागतात. एकाच जागी ८ किंवा १० अंडी दिसली आणि एकातही पिल्लू धरलं नाही, तर बहुधा दोघीही माद्याच आहेत.

अंडं काढून टाकणं ही सर्वांत महागात पडणारी चूक

काढून टाकण्यामागचा विचार आम्हांला समजतो. अंडं रिकामं आहे, पक्षी उगाच बसून राहील, मग ठेवायचं कशाला? पण मादीच्या शरीराला ते रिकामं आहे हे कळत नाही. अंगाखाली पुरेशी अंडी जमली की अंडी घालणं थांबतं आणि उबवणं सुरू होतं. मधेच एखादं अंडं नाहीसं झालं की ती भरपाई म्हणून आणखी एक घालते. तुम्ही तेही काढता, ती पुन्हा घालते. जे चक्र ५ अंड्यांत संपलं असतं ते १५-२० अंड्यांपर्यंत जातं.

आता हिशेब बघा. पीचफेसचं वजन साधारण ५० ग्रॅम. तिचं एक अंडं साडेतीन-चार ग्रॅमचं. त्याच्या कवचाचं कॅल्शियम खाण्यातून पुरं पडलं नाही तर ते तिच्या हाडांतून काढलं जातं, आणि नुसत्या राळ्या-बाजरीत कॅल्शियम फारच कमी असतं. पहिली काही अंडी टणक येतात, मग एखादं खरखरीत किंवा पातळ कवचाचं, मग मऊ कातड्यासारखं. त्यानंतरचं अडकतं. अंडं अडकलेली मादी आमच्याकडे आणली जाते तेव्हा विचारल्यावर बहुतेक वेळा हेच कळतं की आधीची सगळी अंडी रोजच्या रोज काढली होती.

म्हणून अंडं तिथंच राहू द्या. जाळीवर किंवा ट्रेमध्ये घातलं असेल तर उथळ वाटीत, नाहीतर नारळाच्या अर्ध्या करवंटीत थोड्या कागदाच्या पट्ट्या घालून ते ठेवा आणि वाटी त्याच कोपऱ्यात ठेवा जिथं तिनं ते घातलं. जागा बदलली तर ती बसत नाही, नवीन अंडं घालते. कपाटावर किंवा सोफ्यामागे घातलं असेल तर मात्र पिंजऱ्यात आणावंच लागेल, आणि पिंजऱ्याबाहेरचा तो कोपरा बंद करावा लागेल. प्रत्येक अंड्यावर मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं तारीख लिहा. पेन किंवा मार्कर नको, शाई कवचातून आत जाते.

अंडं फुटलं, चिरलं किंवा तिनं खाल्लं तर ते काढून त्याच आकाराचं नकली अंडं ठेवा. पांढरं, साधारण २३ मिलिमीटर लांब आणि १८ मिलिमीटर रुंद. प्लास्टिकच्या भरीव अंड्यांचा संच आमच्याकडे मिळतो. उकाड्यात खरी अंडी खराब होतील अशी भीती वाटत असेल, तर सगळीच नकली अंड्यांनी बदललीत तरी हरकत नाही. फक्त एक काढलं की लगेच एक ठेवायचं, संख्या कमी होऊ द्यायची नाही.

मग तिला बसू द्या. तीन-चार आठवड्यांत ती कंटाळते, वाटीपासून दूर राहू लागते, रात्री पुन्हा दांडीवर झोपते. सलग तीन-चार दिवस अंड्यांकडे गेली नाही की सगळी अंडी आणि वाटी एकदमच काढा. तोवर पिंजरा हलवणं, नवीन पक्षी आणणं, ट्रे खरवडून धुणं टाळा. खालचा कागद हळूच बदलला तरी पुरे. या काळात ती चावरी होते, हात घातला की अंगावर येते. ते स्वभाव बिघडल्याचं लक्षण नाही, महिन्याभरात निवळतं.

मडकं किंवा पेटी आम्ही का देत नाही

अंडं दिसलं की लोक आधी मडकं किंवा लाकडी पेटी मागायला येतात. दोन्ही दुकानात असतात, पण एकट्या पक्ष्यासाठी मागितली तर आम्ही नाही म्हणतो. अंधारी, बंद जागा हीच मादीला अंडी घालायला लावणारी सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. उथळ वाटी चालते ती तेवढ्यासाठीच, तिला छप्पर नसतं. आत लटकवलेला कापडी तंबू किंवा झोपडी असेल तर तीही काढा. आमच्याकडून नेलेली असली तरी काढा, वापरलेली नसेल तर बदल्यात खेळणं देऊ.

दुसरं कारण उजेड. ठाणे-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पिंजरा हॉलमध्ये असतो आणि टीव्ही-ट्यूबलाइट रात्री साडेअकरापर्यंत चालू. पक्ष्याच्या दृष्टीनं तो पंधरा-सोळा तासांचा दिवस झाला, म्हणजे पिल्लं वाढवायला उत्तम मोसम. संध्याकाळी सातला पिंजरा शांत खोलीत नेऊन जाड सुती कापडानं झाका आणि सकाळी आठला उघडा. तेरा तास अंधार मिळाला पाहिजे. ज्या घरांत दोन-तीन आठवडे हे नेमानं होतं तिथं पुढची अंडी बहुतेक वेळा लांबतात.

पाठीवरून आणि पंखांखाली हात फिरवणं बंद करा, ते मादीला नराच्या स्पर्शासारखं वाटतं. डोकं आणि मान खाजवली तर काही बिघडत नाही. आरसा काढून ठेवा.

खाणं, ऊन आणि कॅल्शियम

अंडं आलं की खुराक वाढवायचा असं अनेकांना वाटतं. उकडलेलं अंडं, मोड आलेली कडधान्यं, मूठभर सूर्यफूल. जोडीतून पिल्लं काढायची असतील तेव्हा हे ठीक. एकट्या मादीत हाच खुराक पुढच्या अंड्यांना आमंत्रण देतो. सूर्यफूल आणि करडई बंद किंवा अगदी नावापुरती, राळा-वरई-बाजरीचं मिश्रण नेहमीएवढं, मऊ खाणं थांबवा. उपाशी मात्र ठेवू नका. बसलेली मादी दिवसातून थोड्या वेळाच खायला उठते, त्यामुळे दाणा-पाणी वाटीजवळच ठेवा.

कॅल्शियम मात्र वाढवायचंच. समुद्रफेस कायम पिंजऱ्यात हवा, मऊ बाजू पक्ष्याकडे करून जाळीला घट्ट बांधलेला. कोंबडीच्या अंड्याचं कवच दहा मिनिटं उकळून, वाळवून, भरड कुटून रोज चिमूटभर दाण्यावर टाका. शेवग्याचा पाला दिवसाआड एक छोटी डहाळी द्या, ती फार आवडीनं खातात. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. आणि ऊन हवं, कारण ड जीवनसत्त्वाशिवाय हे कॅल्शियम अंगी लागत नाही. सकाळचं कोवळं ऊन १५-२० मिनिटं, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली ठेवून. काचेच्या बंद खिडकीआडचं ऊन या कामाचं नाही, त्यातले उपयोगी किरण काच अडवते.

पाण्यात घालायचं कॅल्शियमचं औषध आमच्याकडे मिळतं. मात्रा बाटलीवर असते तेवढीच द्या आणि पाणी रोज बदला. घरातलं माणसांचं सिरप अंदाजानं देऊ नका, आणि ड जीवनसत्त्व असलेली दोन औषधं एकत्र तर मुळीच नाही. त्याचा अतिरेक मूत्रपिंडावर जातो.

अंडं अडकलं तर

इथं पत्रक वाचत बसायला वेळ नसतो, म्हणून हा भाग आधीच वाचून ठेवा. मादी पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, पाय फाकवून उभी राहते, जोर लावते, शेपूट श्वासागणिक वरखाली होते, खाणं थांबतं. कधी एक पाय लुळा पडतो, कारण अडकलेलं अंडं नसेवर दाब देतं. अंडं घालण्याआधी थोडा वेळ अस्वस्थ होणं वेगळं, ते घातलं की ती लगेच तरतरीत होते. दोन-तीन तासांत फरक नाही म्हणजे अंडं अडकलं असं समजा. एवढासा पक्षी यात एक-दोन दिवसांत दगावतो.

पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापड घालून तिला ठेवा. एका बाजूनं ४० वॉटचा पिवळा बल्ब लावून आतलं तापमान ३० अंशांच्या आसपास आणा, दुसरी बाजू थोडी गार राहू द्या, म्हणजे तिला सरकता येईल. ती चढून पडणार नाही अशी, जाळीनं झाकलेली गरम पाण्याची वाटी आत ठेवा, दमट हवेनं स्नायू सैल होतात. आणि हे करत असतानाच पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावा. मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट जनावरांचं रुग्णालय आहे, ठाण्यातल्या डॉक्टरांची यादी आमच्याकडे आहे.

पोट दाबू नका. आत अंडं फुटलं तर कवचाचे तुकडे आणि संसर्ग मादीला वाचू देत नाहीत. तोंडातून एरंडेल घालू नका, ते अंड्यापर्यंत पोचतच नाही आणि श्वासनलिकेत गेलं तर गुदमरते. अडकलेलं अंडं काढायला आमच्याकडे आणू नका, आम्ही ते काढत नाही. ते काम डॉक्टरांचं.

वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा अंडी आली, किंवा एका वेळी सातच्या पुढे जाऊ लागली, तर वरचे उपाय चालू ठेवून डॉक्टरांना दाखवा. अंडी थांबवायला हार्मोनचं इंजेक्शन असतं, द्यायचं की नाही ते तेच ठरवतील.

सोबत नर असेल आणि पिल्लं नको असतील

प्रत्येक अंडं घातलं त्याच दिवशी नकली अंड्यानं बदला. नकली नसेल तर खरं अंडं दहा मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, पुसून परत ठेवा. सख्खी भावंडं जोडी म्हणून ठेवलेली असतील तर हे दर वेळी करा. उशीर झाला असेल तर सातव्या दिवशी अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्यामागे धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं की पिल्लू धरलेलं आहे, तिथून पुढे आम्ही अंडं मारायचा सल्ला देत नाही. पिल्लू २१ ते २३ दिवसांनी बाहेर येतं, साधारण सहा आठवड्यांनी पेटी सोडतं आणि आणखी दोनेक आठवड्यांनी स्वतः खाऊ लागतं. त्यानंतरच आम्ही ते घेतो, आधी नाही.

फिशर आणि मास्क्ड या जाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंद लागते, आणि पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. पीचफेस त्या यादीत नाही. अर्ज भरायला मदत लागली तर पक्ष्याचं बिल घेऊन या.

फोन करण्याआधी एवढं जवळ ठेवा: पक्ष्याची जात आणि वय, सोबत दुसरा पक्षी आहे का, पहिल्या अंड्याची तारीख, आतापर्यंत किती आली आणि त्यातली किती काढली, रात्री दिवे किती वाजता बंद होतात. पिंजऱ्याचा पूर्ण फोटो खालच्या ट्रेसकट पाठवा, विष्ठाही दिसू द्या. दुकान बंद झाल्यावर रात्री फक्त अडकलेल्या अंड्यासाठी फोन करावा, तो केव्हाही उचलला जाईल.