मिऱ्याचा दाणा आणि दहाचं नाणं

गौरीपूजनाच्या संध्याकाळी नारायण पेठेत मामाच्या घरी एक ठरलेला कार्यक्रम असतो. पानं उचलून झाली की मामा कपाटातून कॅमेऱ्याची बॅग काढतो, सगळ्यांना "सरका जरा" म्हणतो आणि आरासीचा फोटो काढतो. यंदा त्याच्या आधीच मामेबहिणीने फोनवर एक फोटो टिपून घरच्या ग्रुपवर टाकलाही होता. मामाने आपला काढला आणि आम्ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. फोनच्या फोटोत दोन्ही मुखवटे उजळ, मागची दिव्यांची माळ नीट, समईची ज्योतही ज्योतीसारखी. मामाच्या डीएसएलआरमध्ये पैठण्या काळपट, ज्योतीच्या जागी पांढरा डाग आणि सावलीत सगळीकडे रवा सांडल्यासारखे दाणे.

"विकून टाकतो हे धूड," मामा म्हणाला.

धूड निर्दोष होतं. पण ते मामाला पटवायला त्याला चौकात न्यावं लागलं. बाहेर नुकती भुरभुर सुरू झाली होती आणि वाड्याच्या चौकातल्या शहाबादी फरशीवर पहिले थेंब पडत होते. एका फरशीवर तीन, शेजारच्या फरशीवर एकही नाही, तिसरीवर सात. पाऊस सगळीकडे सारखाच पडत होता, तरी फरशी ठिपक्याठिपक्यांची. दहा मिनिटांनी पाहिलं तर सगळा चौक एकसारखा ओला.

फोटोतले दाणे हेच. प्रकाशही थेंबाथेंबाने येतो, त्या थेंबांना फोटॉन म्हणतात. सेन्सरवर, म्हणजे लेन्समागच्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, कोट्यवधी बारीक चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोन आपल्यावर किती फोटॉन पडले ते मोजतो. सरासरी १०० पडणार असतील तर कुठे ९०, कुठे ११० पडतात, म्हणजे साधारण १० टक्क्यांची चूक. सरासरी १०,००० असेल तर चूक १०० च्या आसपास, म्हणजे अवघी १ टक्का. ही चूक वर्गमुळाच्या हिशेबाने येते आणि सेन्सर कितीही भारी घेतला तरी सुटत नाही, कारण ती यंत्राची नाहीच, खुद्द प्रकाशाची आहे. उपाय एकच: जास्त थेंब गोळा करायचे.

आता कोण किती गोळा करतो ते पाहू. एकाच जागी उभं राहून एकाच मुखवट्याचा फोटो काढायचा असेल तर त्या मुखवट्याकडून किती प्रकाश आत येणार हे दोन गोष्टींवर ठरतं, लेन्सचं भोक किती मोठं आणि ते किती वेळ उघडं. लेन्सवर एफ/१.८ किंवा एफ/३.५ असा आकडा असतो. लेन्सच्या नाभीय अंतराला (लेन्सपासून दूरच्या वस्तूची नेमकी प्रतिमा पडते तिथपर्यंतच्या अंतराला) त्या आकड्याने भागलं की भोकाची रुंदी मिळते. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं नाभीय अंतर जेमतेम ६-७ मिलिमीटर. एफ/१.८ ने भागा, भोक आलं चार मिलिमीटरच्या आत. मिऱ्याच्या दाण्याएवढं.

मामाच्या कॅमेऱ्यावर होती १८-५५ ची लेन्स, कॅमेऱ्याच्या खोक्यातच येते ती. झूम करताना तिचं नाभीय अंतर १८ ते ५५ मिलिमीटर होतं. खोली अरुंद, म्हणून ती १८ वर, आणि तिथे ती जास्तीत जास्त एफ/३.५ पर्यंत उघडते. अठरा भागिले साडेतीन, पाच मिलिमीटरच्या थोडं वर. एवढं मोठं धूड, एवढी मोठी काच, आणि भोक थोड्या टपोऱ्या मिऱ्याएवढं! क्षेत्रफळाच्या हिशेबाने फोनच्या साधारण दुप्पट प्रकाश, बस. मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतकी वर्षं तो सेन्सरचा आकार सांगत आला होता. तो आकार खोटा नाही, त्याच्या कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण २४ × १६ मिलिमीटरचा आहे आणि चांगल्या फोनमधला १० × ७ च्या आसपास. पण परात कितीही मोठी असली तरी तिच्यावर धरलेली चाळणी बारीक असेल तर काय उपयोग?

उरलेली कसर फोन हिशेबाने भरून काढतो, आणि इथे त्याची खरी करामत आहे. कॅमेरा उघडल्या क्षणापासून फोन चित्रं टिपतच असतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो मागची-पुढची अनेक चित्रं उचलतो, हात हलल्यामुळे सरकलेली एकमेकांवर नीट बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. नऊ चित्रं घेतली तर दाणे एक-तृतीयांशावर येतात, पुन्हा तेच वर्गमूळ. शिवाय प्रत्येक चित्र मुद्दाम थोडं काळोखं टिपलेलं असतं, म्हणून समईची ज्योत जळून पांढरी होत नाही. काळोख नंतर उजळता येतो, पण एकदा पांढरं पडलेलं परत आणता येत नाही. खगोल छायाचित्रकार हे फार आधीपासून करत आले आहेत, अंधूक तेजोमेघाची डझनावारी चित्रं एकावर एक रचायची. गूगलने २०१३-१४ च्या सुमारास हे तंत्र फोनमध्ये आणलं आणि २०१८ मध्ये त्याच पायावर रात्रीचा मोड आला. मामाच्या कॅमेऱ्याने मात्र एकदाच डोळा उघडला आणि मिटला.

मग फोन कुठे हरतो? जिथे दुसरं चित्र पहिल्यासारखं नसतं तिथे. विसर्जनाच्या रात्री अलका टॉकीजच्या चौकात ढोल-ताशा पथकाचा फोटो काढून बघा. ताशावाल्याचा चेहरा सुरेख येईल, पण ढोलावर पडणारं टिपरू अर्धं गायब नाहीतर मेणासारखं वितळलेलं. नऊ चित्रांत टिपरू नऊ ठिकाणी असतं, त्यामुळे तेवढ्या तुकड्यापुरती फोनला सरासरी काढता येत नाही. तिथे तो एकाच चित्रावर भागवतो आणि दाणे पुसायला वरून बोळा फिरवतो. (मिरवणुकीत लेझरचे झोत असतील तर मात्र फोन काय, कॅमेरा काय, लेन्स तिकडे धरूच नका. थेट आत शिरलेला झोत सेन्सर कायमचा जाळू शकतो, आणि मग पुढच्या प्रत्येक फोटोत एक रंगीत रेघ सोबतीला येते.)

हाच बोळा पैठणीवरही फिरला होता. लॅपटॉपवर फोनचा फोटो मोठा केला तेव्हा काठावरच्या मुनिया म्हणजे नुसते हिरवे फराटे होते. फोनच्या पडद्यावर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, येणारही नव्हतं.

मेगापिक्सेलबद्दल (एक मेगापिक्सेल म्हणजे सेन्सरवरचे दहा लाख चौकोन) फार लिहीत नाही. फक्त एवढंच, की हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू एफ/१.८ च्या निर्दोष लेन्समधूनसुद्धा सेन्सरवर सुमारे २.४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होऊन पडतो. प्रकाश थेंबांसारखा तसा तरंगांसारखाही वागतो, आणि तरंगांचा स्वभावच तो. २०० मेगापिक्सेलच्या फोनमध्ये एकेक चौकोन ०.६ मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे एक ठिपका चार चौकोन रुंद. म्हणूनच असे फोन एरवी सोळा-सोळा चौकोनांची मोट बांधून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात, आणि तेवढ्यात वहीच्या पानाहून मोठी छापील प्रत छान निघते.

लांबच्या वस्तूंचं दुखणं वेगळं. हिवाळ्यात कवडीपाटला किंवा भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी टिपायला जाणारे लोक नळकांड्यांसारख्या लेन्स का वाहतात? ४०० मिलिमीटरची एफ/५.६ लेन्स म्हणजे ७० मिलिमीटरचं भोक, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. आठ मिलिमीटर जाडीच्या फोनमध्ये ते बसणार कसं? काही फोनमध्ये लोलक बसवून प्रकाश काटकोनात वळवतात आणि लेन्स आडवी झोपवतात. हुशारी खरीच, पण भोक शेवटी काही मिलिमीटरचंच. मग फोन अंदाजावर येतो. २०२३ मध्ये एकाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि चंद्राच्या फोटोंसाठी नावाजलेल्या एका फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत पडद्यावर नसलेली विवरं उमटली! फोनला चंद्र कसा दिसतो हे आधीच शिकवलेलं होतं. चंद्राच्या बाबतीत ठीक आहे, तो सगळ्यांना एकच बाजू दाखवतो. रोहित पक्ष्याच्या पिसांबद्दल किंवा आजीच्या सुरकुत्यांबद्दल असा अंदाज बांधलेला मला चालणार नाही.

मामाला म्हटलं, "कॅमेरा विकू नकोस, लेन्स बदल." तेव्हा त्याला आठवलं की बॅगेच्या तळाशी एक जुनी ५० मिलिमीटरची एफ/१.८ पडून आहे. झूम होत नाही म्हणून रुसून ठेवलेली. पन्नास भागिले १.८, जवळजवळ २८ मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित मोठं भोक. एकाच जागेवरून मिऱ्याच्या दाण्याच्या पन्नासपट प्रकाश, आणि तोही एकाच चित्रात. झूम नसल्यामुळे आरास चौकटीत बसेना. मामा मागे सरकत सरकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला, मामीच्या ओट्याला टेकला आणि तिथून फोटो काढला.

लॅपटॉपवर उघडला. ज्येष्ठा गौरीच्या नथीतला मोती न् मोती सुटा, काठावरच्या मुनियांना चोची, जरीची तार मोजून घ्या. मामा अर्धा मिनिट काही बोलला नाही. मग मामी मागून वाकून म्हणाली, "आणि ही कनिष्ठा अशी धुक्यात का उभी केलीस? तिने काय घोडं मारलंय?"

तो त्या नाण्याचाच हिशेब होता. भोक जितकं मोठं, तितका नेमका दिसणारा पट्टा पातळ, आणि धाकटी गौर थोरलीच्या हातभर मागे होती. मामाने एफ/५.६ करून पुन्हा काढला. दोघी नीट आल्या. सावलीत थोडा रवाही आला.

ग्रुपच्या चित्राच्या जागी अजून मामेबहिणीचाच फोटो आहे.