छोटं कॅबिनेट आणि ७५ वॅटची वेस

हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्या दर काही वर्षांनी आपले पीसी बदलतात आणि जुने लॉटने विकून टाकतात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर अशी ही चपट्या, अरुंद कॅबिनेटची मशिन्स मग रिफर्बिश्ड म्हणून क्लासवाल्यांकडे, सीएंच्या ऑफिसात आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या खोल्यांवर जाऊन पोहोचतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट मशिन्सही भंगाराच्या वाटेला लागली. ती स्वस्तात घरी आली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरची चित्रं आणि गेम रंगवणारं वेगळं कार्ड) कुठलं बसेल? उत्तर चार-दोन नावांत संपतं. ती यादी इतकी तोकडी का, त्याची ही पार्श्वभूमी.

पीसी उघडून स्लॉटमध्ये वरून कार्ड बसवायचं, हे पुण्याला गेमच्या आधीपासून माहीत आहे. १९८१च्या आयबीएम पीसीत स्क्रीनवर अक्षरं उमटवायलाही वेगळं कार्ड लागायचं, आणि ती अक्षरं रोमन. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने पुढे वाढवलं. जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डॉसवरच्या साध्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसू लागे. म्हणजे इथल्या कित्येक कार्यालयांत कार्ड घालून पीसी 'वाढवला' गेला तो मराठीसाठी. (त्याच सी-डॅकमध्ये २०२० साली आलेला परम सिद्धि-एआय महासंगणक ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीच्या ए१०० चिपवर चालतो. त्यातली एकेक चिप ४०० वॅटपर्यंत वीज खाते. हा आकडा ध्यानात ठेवा.)

नव्वदच्या दशकात थ्रीडी गेम आले आणि कार्डांची भूक वाढली. १९९६चं थ्रीडीएफएक्सचं वूडू, १९९९चं एनव्हीडियाचं जीफोर्स २५६. दर पिढीला पंखा मोठा, उष्णता जास्त. २००० साली वूडू५ ५५००ला स्लॉटमधली वीज पुरेना, म्हणून हार्ड डिस्कला लावतात तसली वायर कार्डाला जोडावी लागली. २००२च्या रेडिऑन ९७०० प्रोनेही एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वेगळी वायर मागितली. पुढे पीसीआय एक्सप्रेस हा नवा कार्ड-स्लॉट आला. त्याच्या नियमात मोठ्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक हवं तर एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनांची वायर आणा. मोठ्या कॅबिनेटवाल्यांनी ती आणली आणि विषय संपवला. २०२२मधलं आरटीएक्स ४०९० तर ४५० वॅटला जाऊन पोहोचलं.

ऑफिसच्या मशिनची वाट मात्र वेगळी होती. खरेदी खात्याला हवी होती टेबलावर कमी जागा, कमी वीज, कमी आवाज. म्हणून साधारण १११ मिलिमीटर उंच कार्डाच्या जागी सुमारे ६९ मिलिमीटरचं लो प्रोफाइल कार्ड आलं, मागची पट्टीही आखूड झाली. एसएमपीएस २००-२५० वॅटच्या आसपासचा, तोही कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, आणि त्यात कार्डासाठीची वायर बहुधा नसतेच. बाहेरचा बसवायचा म्हटलं तर आकार जुळत नाही, कधी कनेक्टरही निराळा. या मशिन्समध्ये कोणी गेम खेळेल, हे बनवणाऱ्याच्या मनातही नव्हतं.

यादी आखडण्याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१०पासून इंटेलने ग्राफिक्स प्रोसेसरसोबतच द्यायला सुरुवात केली, पाठोपाठ एएमडीनेही. एक्सेल आणि यूट्यूबसाठी कार्ड घेण्याची गरजच उरली नाही. छोटी, स्वस्त कार्डं ज्यांच्या जिवावर खपत होती ती गिऱ्हाइकंच गेली. मग हा कप्पा कंपन्यांनी जवळजवळ वाऱ्यावर सोडला.

जवळजवळ म्हणायचं, कारण मधूनमधून एखादं चांगलं कार्ड येत राहिलं. फेब्रुवारी २०१४चं एनव्हीडियाचं जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅटचं, वायरीविना चालणारं. ऑफिसचा पीसी घेऊन त्यात हे कार्ड घालायची रीत याच्यामुळे रुजली. २०१६मध्ये १०५० टीआय, २०१९मध्ये १६५० आलं. दोन्ही ७५ वॅटची, म्हणजे बरोबर वेशीवर. २०१७चं जीटी १०३० फक्त ३० वॅटचं, पण पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ या संथ मेमरीचं कार्ड बाजारात सोडलं गेलं आणि ते मूळ कार्डापेक्षा फारच संथ निघालं. खोक्यावरची बारीक अक्षरं न वाचणाऱ्याची ही सरळ फसवणूक होती, असंच मी म्हणेन.

इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामाने (ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून ते चलन कमावण्याने) २०२१मध्ये कार्डांचे भाव आभाळाला भिडले, तेव्हा एनव्हीडियाने १०५० टीआय पुन्हा बाजारात आणलं. पाच वर्षं जुनं कार्ड! त्याची ४ जीबी मेमरी तोवर इथेरियमला अपुरी पडू लागली होती, त्यामुळे खाणवाल्यांना त्यात रस नव्हता. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने खाणकामाची पद्धतच बंद केली आणि वापरलेली कार्डं ढिगाने विक्रीला आली. पण त्यातली बहुतेक मोठी, वायर लागणारी. चपट्या कॅबिनेटवाल्याला त्याचा उपयोग शून्य.

२०२२मध्ये दोन नवे पर्याय आले, दोन्हींना अट चिकटलेली. एएमडीचं आरएक्स ६४०० ५३ वॅटचं, लो प्रोफाइलमध्ये मिळणारं. पण ते स्लॉटच्या १६पैकी चारच लेन (माहिती जाण्या-येण्याच्या वाटा) वापरतं. नव्या बोर्डावर ते फारसं जाणवत नाही, पीसीआय एक्सप्रेसच्या जुन्या, तिसऱ्या आवृत्तीच्या ऑफिस मशिनवर वेग घसरतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ झटपट दाबून फाइल बनवणारा भाग) नाही, म्हणजे शॉर्टफिल्म एडिट करणाऱ्या मुलांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. इंटेलच्या आर्क ए३८०मध्ये एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकारासकट उत्तम एन्कोडर आहे, पण रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळू देणारी सोय) मदरबोर्डात नसेल तर ते गेममध्ये मार खातं. सहाव्या-सातव्या पिढीच्या ऑफिस मशिनमध्ये ती सहसा नसतेच. दोन्ही कार्डं छोट्या मशिनसाठी बनवल्यासारखी दिसतात आणि जुन्या छोट्या मशिनवरच अडखळतात.

फेब्रुवारी २०२४मध्ये ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० आलं. ७० वॅट, आठ लेन, वायर नको, एन्कोडर आहे, आणि काही कंपन्यांनी लो प्रोफाइलही काढलं. आजही सातव्या पिढीच्या चपट्या डेलसाठी कोणी विचारलं तर मी हेच नाव घेतो. दुकानात मात्र 'सहा जीबीचं' असं ठणकावून सांगायचं, कारण ८ जीबीचं मूळ ३०५० १३० वॅटचं आणि वायरीचं. निघण्याआधी कॅबिनेट उघडून पाहायचं: काही मॉडेलांत मोठा स्लॉट एसएमपीएसला इतका खेटून असतो की दोन स्लॉटच्या जाडीचं कार्ड बसतच नाही. काही उत्पादक त्या स्लॉटला पूर्ण ७५ वॅटही देत नाहीत, ते मशिनच्या माहितीपत्रकात मिळतं. २०२५मध्ये आलेलं ५०५० पुन्हा १३० वॅटवर गेलं, त्यामुळे ६ जीबीच्या ३०५०ला त्या पिढीत जोडीदार मिळाला नाही.