लक्ष लागत नाही, ही तक्रार किती जुनी?

वरळीत सुदाम काळू अहिरे मार्ग नावाचा एक रस्ता आहे. मुंबईकर त्याला 'अभ्यासगल्ली' म्हणतात. शेजारच्या बीडीडी चाळींमधली एक खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आईवडील, भावंडं, स्वयंपाक, टीव्ही आणि गावाहून आलेला पाहुणा. मग मुलं पुस्तकं काखोटीला मारून या गल्लीत यायची आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली रात्री उशिरापर्यंत वाचत बसायची. एकाग्रता कशी वाढवावी, असं त्यांनी कुणाला विचारलं नसावं. घरात ती मिळत नव्हती, म्हणून मुलं ती मिळेल तिथे चालत गेली.

आजचे सल्ले मात्र थेट डोक्यात हात घालतात. ब्राह्मी घ्या, पहाटे पाचला उठा, अमुक अ‍ॅप उतरवून घ्या, मनाला शिस्त लावा. दोष मनाचा आणि उपायही मनावरच, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. पण लक्ष टिकवण्याचा प्रश्न ज्यांनी आजवर गांभीर्याने हाताळला, त्यांनी मनाइतकाच जागेचा, वेळेचा आणि विश्रांतीचा विचार केलेला दिसतो.

'एकाग्र' हा शब्द योगशास्त्रातला. ज्याचं टोक एकच, ते एकाग्र. पतंजलींच्या योगसूत्रांत धारणेची व्याख्या मोजक्या शब्दांची आहे: 'देशबन्धश्चित्तस्य धारणा'. चित्ताला एका ठिकाणी बांधणं म्हणजे धारणा. सूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. यातला 'विक्षिप्त' आपण मराठीत तऱ्हेवाईक माणसासाठी राखून ठेवला. भाष्यातला विक्षिप्त म्हणजे घटकाभर स्थिरावणारं आणि पुन्हा भरकटणारं चित्त. परीक्षेच्या आदल्या महिन्यातला कोणताही विद्यार्थी, किंवा दुपारी तीन वाजताचा कोणताही कारकून.

चित्त विचलित करणारे नऊ अंतराय पतंजलींनी मोजून दिले आहेत. त्या यादीचा क्रम मला फार बोलका वाटतो. पहिला अंतराय व्याधी, म्हणजे आजारपण. दुसरा स्त्यान, म्हणजे मनाला आलेलं जडत्व. मग संशय, मग प्रमाद. आळस पाचवा. आपल्याकडे मुलाचं लक्ष लागत नाही म्हटलं की पालकांच्या तोंडी पहिला शब्द आळसाचा येतो. डोळे तपासले का, झोप पुरते का, हे नंतर, आणि तेही शिक्षकांनी सुचवलं तर.

अर्थात, ही सगळी खटपट कैवल्यासाठी होती, गुणपत्रिकेसाठी नव्हती. मोक्षासाठी घडवलेला शब्द पुढे मॅट्रिकच्या आणि मग स्पर्धा परीक्षेच्या कामाला जुंपला गेला. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन चंचल आहे, त्याला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे, अशी तक्रार अर्जुन करतो. कृष्ण त्याला रागावत नाही. मन आवरायला कठीण आहे यात संशय नाही, असं आधी मान्य करतो आणि मग अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतो. हा 'अभ्यास' म्हणजे पुन:पुन्हा करणं. पुस्तक उघडून बसणं हा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

ज्ञानेश्वरीत (१२९०) याच अध्यायावर येताना ज्ञानदेव एका गोष्टीपाशी रेंगाळतात, ती म्हणजे जागा. मूळ श्लोकात 'शुचौ देशे' एवढंच आहे. त्या दोन शब्दांवर ज्ञानदेव ओव्यांमागून ओव्या रचतात. जागा कशी हवी? 'जेथ आराणुकेचेनि कोडें । बैसलिया उठों नावडे', जिथे बसलं की उठावंसं वाटू नये अशी. झाडं हवीत, पाणी हवं, लोकांची वर्दळ नको. पण सगळंच सामसूम हवं असा हट्ट नाही. एखादा मोर आला गेला तर आम्ही नाही म्हणत नाही, अशी सूटही ते देतात. खिडकी उघडी ठेवून अभ्यास करणाऱ्याला हा मोर चटकन ओळखू येईल.

नवव्या अध्यायाच्या आरंभी त्यांनी श्रोत्यांकडे मागितलं तेही हेच: 'तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होईजे'. फक्त लक्ष द्या. इथलं अवधान एकट्याने, दार लावून साधायचं नाही. सांगणारा समोर आहे, शेजारी आणखी माणसं बसली आहेत, आणि सगळ्यांचं लक्ष एकमेकांना धरून आहे. कीर्तनाला गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पंतोजींच्या शाळेतही पाढे आणि परवचा एका सुरात, मोठ्याने चालत. त्या गलक्यातच मुलं शिकत. एकट्याने, गप्प बसून, पुस्तकात डोकं घालून केलेला अभ्यास ही आपल्याकडे बऱ्याच अंशी लेखी परीक्षेची देणगी आहे, असं माझं मत. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. पेपर एकट्याने लिहायचा, म्हणून तयारीही एकट्याची. आणि ती करायला लागणारी स्वतंत्र खोली फार थोड्या घरांत होती.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या रामजी सकपाळांनी यावर काढलेली तोड चरित्रांतून प्रसिद्ध आहे. खोलीत माणसांबरोबर जातं होतं, शेळी होती. मुलाला ते संध्याकाळी लवकर झोपवत आणि रात्री दोन वाजता उठवत. चाळ झोपलेली असायची, तेवढ्या वेळापुरती ती खोली अभ्यासिका व्हायची. भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. या कथेतून जिद्दीचा धडा नेहमी काढला जातो, आणि तो खराच आहे. पण रामजींनी केलेली व्यवस्थाही तितकीच पाहण्यासारखी आहे. जागा बदलता येत नव्हती, म्हणून त्यांनी वेळ बदलली. आणि जागरणाची भरपाई आधीच्या झोपेने केली. पुढे बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, तेव्हा त्यात सर्वांत मोठा मान ग्रंथांना मिळाला.

पश्चिमेत हा प्रश्न प्रयोगशाळेत शिरला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या १८९० च्या ग्रंथात अवधानावर स्वतंत्र प्रकरण आहे. प्रयत्नपूर्वक लावलेलं लक्ष एका दमात काही सेकंदांपलीकडे टिकत नाही, असं त्यांनी लिहिलं. तासभर लक्ष टिकलं असं आपल्याला वाटतं, तेव्हा प्रत्यक्षात ते पुन:पुन्हा परत आणलेलं असतं. हे परत आणणं म्हणजेच गीतेतला अभ्यास, असं म्हणण्याचा मोह होतो.

मोठं वळण आलं दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश हवाई दलाची विमानं रडार घेऊन समुद्रावर जर्मन पाणबुड्या शोधत होती. पडद्यावर क्वचित उमटणारा एक बारीक ठिपका म्हणजे पाणबुडी. निवडून घेतलेले, प्रशिक्षित, जिवावर उदार झालेले तरुण पडद्यासमोर बसत, आणि तरीही ठिपके निसटत. इथे आळशीपणाचा आरोप टिकणारा नव्हता. केंब्रिजमधल्या मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक चमत्कारिक घड्याळ केलं. पांढरी कोरी तबकडी, तिच्यावर आकडे नाहीत. काटा दर सेकंदाला एक उडी घेई. मध्येच, अगदी क्वचित, तो दुप्पट उडी घेई. ती दिसली की बटण दाबायचं. अर्ध्या तासात अशा दुहेरी उड्या फक्त बारा. माणूस खोलीत एकटा, आणि हे दोन तास.

पहिल्या अर्ध्या तासात शंभरातल्या साधारण पंधरा उड्या निसटल्या. दुसऱ्या अर्ध्या तासात हा आकडा पंचविशीपलीकडे गेला आणि पुढे तिथेच रेंगाळला. मॅकवर्थ यांचा निबंध १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून लक्ष टिकवण्याच्या अभ्यासाला पाया मिळाला. त्यातले उपाय पाहावेत असे आहेत. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली, तर घसरण होत नव्हती. आपण उडी पकडली की चुकवली हे लगेच कळलं तरीही लक्ष टिकत होतं. एका प्रयोगात तर मधेच फोन वाजवून आणखी चांगलं काम करा असं सांगितलं, आणि पुढच्या टप्प्यात कामगिरी पुन्हा सुधारली. बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊनही घसरण थांबली, हेही नोंदवायला हवं. परीक्षेच्या काळात गोळ्यांच्या मागे लागणाऱ्यांची गोष्ट तितकी नवी नाही. पण पाळी लावणं स्वस्त होतं आणि त्याचा त्रास कुणाला नव्हता.

मॅकवर्थ यांच्यासमोरचा प्रश्न ओसाड पडद्याचा होता. आपला प्रश्न भरगच्च पडद्याचा आहे. त्याची चाहूल अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांना १९७१ मध्येच लागली होती. माहिती ज्याचा फडशा पाडते ती वस्तू म्हणजे घेणाऱ्याचं लक्ष, म्हणून माहितीची सुबत्ता झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो, असा त्यांचा युक्तिवाद. मोबाइल तर सोडाच, तेव्हा घरात संगणकही नव्हता. २००९ मध्ये संशोधक सोफी लरॉय यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्या कामापाशीच अडकून राहतो आणि दुसरं काम बिघडतं. दोन मिनिटं व्हॉट्सअ‍ॅप पाहिलं तर काय बिघडलं, याचं उत्तर इथे मिळतं. ती दोन मिनिटं दोनच राहत नाहीत.

आज अभ्यासाच्या व्हिडिओंतून गाजणारी 'पोमोडोरो' पद्धत याच्या सुमारे दोन दशकं आधीची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना. त्याने स्वतःशीच पैज लावली: दहा मिनिटं तरी खरा अभ्यास होतो का पाहू. मोजायला स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर घेतला. इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. पुढे ते पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी असं स्थिरावलं. पंचविसाच्या आकड्यात काही जादू नाही. लिहिण्याची तंद्री लागलेल्या माणसाला मध्येच घंटा वाजवून उठवणं मला तरी जाचक वाटतं. पण पाठांतर, उजळणी, हिशेब तपासणं अशा कंटाळवाण्या कामांत ही पद्धत चालते, आणि मॅकवर्थ यांचं घड्याळ डोळ्यांसमोर आणलं तर का चालते तेही कळतं.

माणसाचं लक्ष आठ सेकंदांवर आलं, सोनेरी माशाहूनही कमी, हे वाक्य मात्र विसरून जावं. २०१५ मध्ये एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कॅनडातल्या शाखेने काढलेल्या अहवालामुळे ते जगभर पसरलं. त्या आकड्यामागे माणसांवरचं धड संशोधन सापडत नाही, आणि माशांवरचंही नाही.

पुण्यात सदाशिव, नारायण पेठेत आज जागोजागी अभ्यासिका आहेत. एमपीएससी करणारी मुलं तिथे महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची घेतात. दोन बाजूंना प्लायवूडचे आडोसे, डोक्यावर दिवा, भिंतीवर शांतता पाळण्याची सूचना. इतका खर्च कशासाठी, अशी गावाकडून विचारणा झाली की समजावून सांगणं त्यांना अवघड जातं. खरं तर ज्ञानदेवांनी सांगितलेलीच वस्तू ती विकत घेत असतात: बसल्यावर उठावंसं वाटू नये अशी जागा, आणि शेजारी तसेच बसलेले चारजण.

वरळीच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास होतो आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० ऐवजी ५०० चौरस फूट, दोन बेडरूम, लावायला दार. अभ्यासगल्ली अजून तिथेच आहे, आता दिव्यांखाली बसायला बाकही आहेत. त्या ५५६ घरांतली मुलं रात्री खाली उतरतात की दार लावून वर बसतात, हे येत्या परीक्षांच्या हंगामात दिसेल.