विहिरीच्या पाण्यात, मळ्याच्या मातीत मुरलेली रसायने तपासायची असतील तर अर्ज कसा करावा

मागच्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरकडच्या एका विहिरीचा अहवाल पाहण्यात आला. सामू, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड आणि खाली शेरा : पिण्यास योग्य. मालकीणबाईंनी विचारले, "जिभाऊ, पानी चांगलं शे ना मंग?" मला हो म्हणवेना. विहिरीच्या काठावरच फवारणीचा पंप धुतला जात होता आणि अहवालात एकाही कीटकनाशकाचे नाव नव्हते.

प्रयोगशाळा सांगितले तेवढेच तपासते. मृद आरोग्य पत्रिकेतल्या 12 घटकांत डीडीटी, एन्डोसल्फान ही कीटकनाशके किंवा पीफास (नॉनस्टिक लेपांसारख्या वस्तूंत वापरल्या जाणाऱ्या, सहज न विघटणाऱ्या रसायनांचा गट) बसत नाहीत. गावातल्या तपासणी किटवर ती कळत नाहीत, आणि पाण्याच्या स्रोतांसाठी ग्रामपंचायतीला मिळालेले हिरवे कार्डही त्यांच्याबद्दल काही सांगत नाही. एन्डोसल्फानवर 2011 मध्ये बंदी आली, पण अशी रसायने मातीत वर्षानुवर्षे टिकतात.

पाणी तपासून घ्यायला पात्रतेची खास अट नाही. सार्वजनिक विहीर किंवा ट्यूबवेल असेल तर ग्रामपंचायतीला लेखी द्या. जलसुरक्षक नमुना घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पोचवतो. स्वतःच्या विहिरीसाठी शुल्क भरून स्वतः अर्ज करावा. गाव, गट नंबर, विहिरीची खोली, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ लिहा. मातीसाठी सातबारा आणि आधारची प्रत जोडा, मागची पिके नोंदवा. आणि कृपा करून रसायनांची नावे लिहा! औषधाच्या डब्यावर बारीक अक्षरात तांत्रिक नाव असते, ते जसेच्या तसे उतरवा.

या प्रयोगशाळेत ती तपासणी होत नसेल तर तसे लेखी घ्या आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची प्रयोगशाळा शोधा. मान्यतेच्या यादीत तेच रसायन, पाण्यासाठी की मातीसाठी, आणि किती कमी प्रमाण पकडता येते, एवढे पैसे भरण्याआधी विचारा. 2012 च्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात एन्डोसल्फानची मर्यादा लिटरला 0.4 मायक्रोग्रॅम आहे. पीफासची मर्यादा त्यात नाही. अमेरिकेने 2024 मध्ये पीफासमधल्या दोन रसायनांसाठी लिटरला 4 नॅनोग्रॅम ठरवली.

नमुना घेताना चूक झाली तर सगळा खर्च वाया जातो. मोटार दहा-पंधरा मिनिटे चालू द्या, टाकीतले पाणी घेऊ नका. कीटकनाशकासाठी गडद तपकिरी काचेची बाटली लागते, पीफाससाठी काच चालत नाही, टेफ्लॉनचे झाकणही नको. प्रयोगशाळेकडूनच बाटल्या मागवलेल्या बऱ्या. भरलेली बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून लगेच पाठवा. माती बांध, उकिरडा आणि झाडाखालची सोडून आठ-दहा ठिकाणची घ्या. ती उन्हात वाळवू नका, आणि खताच्या गोणीत तर मुळीच भरू नका.

कारखान्याच्या सांडपाण्याचा संशय असेल तर स्वतः भरलेली बाटली कायद्यापुढे टिकत नाही. 1974 च्या जल कायद्याप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच नमुना घेऊन सीलबंद करावा लागतो. मंडळाच्या जळगाव कार्यालयात तक्रार द्या आणि पोचेवर आवक क्रमांक घ्या. अहवाल हातात पडत नसेल तर 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात त्याची प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवस.