बुडत्याचा पाय खोलात का जातो?

आमच्या गावाकडं उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला शिकायची एकच पद्धत होती. पाठीला पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन बांधायचा (आजोबांच्या वेळी वाळका भोपळा असायचा) आणि चुलत्यानं विहिरीच्या काठावरनं ढकलून द्यायचं. दोन-चार गटांगळ्या, नाकातोंडात पाणी, वर बसलेल्या पोरांचा हशा, आणि पंधरा दिवसांत कॅन सुटायचा. मीपण असाच शिकलो. आता ताईचा पोरगा आठ वर्षांचा झालाय, त्यांच्या घरामागंच शेततळं आहे, त्यामुळं या सुट्टीत त्याला शिकवायचं काम माझ्याकडं आलं, आणि शिकवायला बसल्यावर लक्षात आलं की मला सूर मारता येतो, मुटका मारता येतो, पण दमल्यावर पाण्यात नुसतं पडून राहायचं कसं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

थोडा हिशोब करू, सोपा आहे. माणसाचं शरीर पाण्याच्या जवळपास तेवढ्याच घनतेचं असतं. छाती भरून श्वास घेतला तर घनता पाण्यापेक्षा जराशी कमी, साधारण 0.98, आणि श्वास सोडला की पाण्यापेक्षा जराशी जास्त. म्हणजे आठ वर्षांच्या पोराच्या छातीत मावणारी एक-दीड लिटर हवा, तरंगणं आणि बुडणं यातला सगळा फरक तेवढाच. 25 किलोचं पोरगं पूर्ण श्वास घेऊन पाण्यात पडलं तर त्याचा जेमतेम अर्धा किलो भाग पाण्याबाहेर राहू शकतो. हा त्याचा कोटा समजा. आता एका हाताचं वजन शरीराच्या साधारण 5 टक्के, म्हणजे दोन्ही हात मिळून अडीच किलो. डोकं आणखी चारेक किलो. अर्ध्या किलोच्या कोट्यात हात बसत नाहीत, डोकंही बसत नाही, बसतो फक्त चेहरा, तोही आभाळाकडं केला तर. पोरगं घाबरून हात वर करतं, तेवढं वजन पाण्याबाहेर जातं आणि बदल्यात तोंड खाली जातं.

भाच्यानं लगेच विचारलं, ‘मामा, मग वाचवायला हाक कशी मारायची?’ बरोबर प्रश्न आहे, कारण सिनेमात बुडणारा माणूस कायम हात हलवत ‘वाचवा वाचवा’ ओरडत असतो. खरं बुडणं तसं दिसत नाही. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर फ्रँक पिया नावाचे लाइफगार्ड होते, त्यांनी बुडणाऱ्या लोकांचं चित्रीकरण करून बघितलं तर आवाज जवळजवळ नाहीच. तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात श्वासच कसाबसा होतो, ओरडायला हवा शिल्लक कुठली. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, शरीर उभंच्या उभं, पाय मारणं बंद. हे सगळं 20 ते 60 सेकंद चालतं आणि मग माणूस खाली. काठावरच्या पोरांना वाटतं हा खेळतोय. म्हणून पोरांना सांगायचं की पाण्यातला दोस्त उभ्या अंगानं, मान मागं टाकून गप्प झाला असेल, हाक मारून ओ देत नसेल, तर तो मस्करी करत नाहीये असंच धरायचं.

आणि उभं अंग का, तर हवा सगळी छातीत आणि पाय नुसते हाडा-मांसाचे. पाणी वर ढकलतं ते छातीपाशी, वजन खाली ओढतं ते कमरेकडं, त्यामुळं अंग फिरून उभं होतं. बुडत्याचा पाय खोलात, ही म्हण ज्यानं काढली त्यानं विहिरीत बघूनच काढली असणार. याच्यावर उपाय पण यातच आहे. उताणं पडून हात डोक्याच्या वरच्या बाजूला, पण पाण्यातच, पसरले की वजनाचा तोल छातीकडं सरकतो आणि पाय हळूहळू वर येतात.

सांगायला सोपं. पोराच्या कमरेएवढ्या पाण्यात, मानेखाली हात धरून, तीन दिवस गेले त्यात. कान पाण्यात घालायला ते तयारच होईना, आत गेलेलं पाणी मेंदूत जातं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मग कान घातले तर सारखं डोकं उचलून पायाची बोटं वर आली का बघायचं, आणि डोकं उचललं की बूड खाली. शेवटी ताई काठावर उभी राहिली आणि आभाळात घारी किती दिसतात ते मोज म्हणाली, तेव्हा मान सैल पडली आणि मी हात काढून घेतला ते त्याला कळलंसुद्धा नाही. कॅनचं म्हणाल तर त्यानं चारेक किलोचा जादा कोटा मिळतो, शिकायला चांगला, पण पाठीला बांधलेला कॅन पाठ वर उचलतो आणि तोंड खाली करतो, म्हणून कॅन बांधलाय म्हणून पोराला एकटं सोडून चहाला जाऊ नका.

आता शेततळं. हे प्रकरण विहिरीपेक्षा वाईट, आणि खोलीपेक्षा त्याचा कागद घात करतो. पाणी मुरू नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ, आणि दीडास एक उतार (दीड फूट आडवं गेलं की एक फूट खाली) म्हणजे साधारण 34 अंशांचा कोन. अशा उतारावर पाय टिकायचा तर घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकड किती ते सांगणारा आकडा, निदान 0.67 पाहिजे, ओल्या बुळबुळीत कागदावर तो त्याच्या जवळपासही नसतो. बादली भरायला वाकलेलं पोरगं घसरतं, आणि पट्टीचा पोहणारा असला तरी काठाला येऊन पुन्हापुन्हा घसरून दमतो. ताईकडं आता दोन्ही बांधांना बांधलेला आडवा दोर आहे, गाठी मारलेला, आणि चार कोपऱ्यांत जुने टायर सोडलेत. पोराला शिकवलं ते एवढंच की पडलास तर चढायची घाई नाही, आधी उताणा हो, श्वास घे, मग दोराकडं सरक.

पेपरात बातमी येते ती बऱ्याचदा दोघांची असते. एक घसरतो, दुसरा त्याला काढायला उडी मारतो. बुडणारा जो सापडेल त्याला मिठी मारतो, त्यात त्याची चूक नाही, पण अर्ध्या किलोच्या कोट्यावर दुसरा माणूस लटकला तर दोघंही खाली. म्हणून उडी मारायची नाही, फेकायचं. दोरी, ओढणी, लांब काठी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, आणि फेकता फेकता मोठ्यानं बोंबलायचं. बांगलादेशात गावच्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून हजारो पोरांना शिकवतात, तिथं पास व्हायला 25 मीटर पोहणं, 30 सेकंद तरंगणं आणि काठावरनं दुसऱ्याला वाचवणं या तिन्ही गोष्टी लागतात. आपल्याकडच्या उन्हाळी क्लासवाल्यांना मी तिसऱ्याबद्दल विचारलं तर ते माझ्याकडं बघतच राहिले.

बाहेर काढल्यावर आपल्याकडं पालथं घालून पोट दाबतात, नाहीतर उलटं धरून फिरवतात. यात वेळ जातो, आणि पोटातलं अन्न श्वासनलिकेत जायची भीती. अडचण पोटातल्या पाण्याची नसते, मेंदूला ऑक्सिजन न मिळाल्याची असते आणि तिथं हातात चार-सहा मिनिटंच असतात. श्वास चालू नसेल तर तोंडानं श्वास द्यायचा, युरोपातल्या नियमांत सुरुवातीलाच पाच श्वास सांगितलेत, मग छातीवर 30 दाब आणि दोन श्वास, असं चालू ठेवायचं, दुसऱ्या कुणीतरी 108 लावायचा. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसात गेलेलं थोडं पाणीसुद्धा काही तासांनी त्रास देतं.

शेवटच्या दिवशी मी पाण्यात उभा राहिलो आणि भाच्याला कॅन फेकायला लावला. रिकामा कॅन वाऱ्यानं दोनदा भलतीकडंच गेला. मग त्यानं स्वतःच डोकं चालवून त्यात दोन तांबे पाणी भरलं, दोरीचं टोक टाचेखाली दाबलं आणि नेम धरला. कॅन माझ्या कानाजवळ बदकन पडला आणि वरनं आवाज आला, ‘मामा, धर की!’