रोबेर्त मातेउश्याक

(१३ जानेवारी १९७६). पोलंडचा दुहेरीचा बॅडमिंटनपटू. मिश्र दुहेरीतील २०१२ चा युरोपीय विजेता आणि सिडनी (२०००) ते रिओ (२०१६) अशा सलग पाच ऑलिंपिक स्पर्धांत खेळलेला खेळाडू. जन्म वॉर्साजवळच्या वोवोमिन गावी. इंग्रजी लिपीतले त्याचे नाव वाचून आपल्याकडे ‘मॅट्युसियाक’ असा उच्चार होतो, पण पोलिश कानाला जवळचे रूप मातेउश्याक हेच.

पोलंडमध्ये बॅडमिंटनची जुनी ओळख अंगणातला, सुट्टीतला खेळ अशीच. ‘कोमेत्का’, म्हणजे छोटा धूमकेतू, हे त्याचे घरगुती नाव. आपण ज्याला फूल म्हणतो त्याला पोलिश भाषेत ‘लोत्का’ म्हणतात. पक्ष्याच्या पंखातल्या उड्डाणाच्या पिसालाही हाच शब्द आहे. या देशाची बॅडमिंटन संघटना स्थापन झाली १९७७ साली, म्हणजे मातेउश्याक जेमतेम वर्षाचा असताना. ईशान्येकडचे सुवाउकी आणि चेक सीमेजवळचे ग्वुप्चित्से यांसारख्या लहान गावांतल्या क्लबांनी हा खेळ तिथे रुजवला. डेन्मार्क किंवा इंडोनेशियात दुहेरीच्या खेळाडूला सरावासाठी तोडीस तोड चार-पाच जोड्या घरच्या घरी मिळतात. पोलंडमध्ये ती सोय नव्हती. म्हणून जो जोडीदार जमला त्याला वर्षानुवर्षे धरून राहणे हीच तिथली ताकद ठरली, आणि मातेउश्याकची सारी कारकीर्द या एका गोष्टीवर उभी आहे.

पुरुष दुहेरीत त्याचा दीर्घकाळचा साथीदार मिहाउ वोगोश. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाल्यावर या जोडीची गाठ इंडोनेशियाच्या एंग हियान आणि फ्लांडी लिंपेले यांच्याशी पडली आणि ते हरले. त्याच इंडोनेशियन जोडीने पुढे कांस्यपदक घेतले. मिश्र दुहेरीत तेव्हा त्याच्याबरोबर कामिला आउगुस्तिन खेळत होती. तिथेही नोवा विदियांतो आणि विता मारिसा या इंडोनेशियन जोडीने त्यांना पहिल्याच सामन्यात बाहेर काढले.

कारकीर्दीच्या मध्यावर खेळाचे नियमच बदलले. २००६ पर्यंत ज्याच्या हातात सर्व्हिस त्यालाच गुण मिळत आणि दुहेरीचा गेम १५ गुणांचा असे. सर्व्हिस गेली तरी गुण जात नसे, त्यामुळे पिछाडीवरून हळूहळू वर यायला वाव होता. त्यानंतर प्रत्येक रॅलीला गुण आणि २१ गुणांचा गेम आला. आता सर्व्हिस जाळीत गेली की गुण थेट समोरच्याच्या खात्यात. जुन्या पद्धतीत घडलेले अनेक खेळाडू या वेगात मागे पडले. तिशी गाठलेल्या मातेउश्याकचा उत्तम काळ मात्र इथूनच सुरू झाला. बदलत्या नियमांशी त्याने इतके जुळवून घेतले, याचे श्रेय त्याला पुरेसे दिले जात नाही.

या काळातली त्याची जोडीदार नादिएझ्दा कोस्त्यूचिक. तिचा जन्म १९८४ चा, पोलंडच्या सीमेला लागून असलेल्या बेलारूसमधील ब्रेस्त शहरातला. आधी ती बेलारूसकडून खेळली, नंतर पोलंडकडून. लग्नानंतर ती झ्येंबा या आडनावाने खेळू लागली. त्यामुळे जुन्या निकालांत ‘मातेउश्याक–कोस्त्यूचिक’ आणि नंतरच्या निकालांत ‘मातेउश्याक–झ्येंबा’ अशा दोन जोड्या दिसतात. प्रत्यक्षात ती एकच जोडी.

मिश्र दुहेरीची नेहमीची मांडणी म्हणजे स्त्री खेळाडू जाळीपाशी आणि पुरुष मागे. लांबून पाहणाऱ्याला मागचा स्मॅश तेवढा दिसतो. पण रॅली ठरते ती पहिल्या तीन-चार फटक्यांत. बॅकहँडने रॅकेट कमरेच्या खाली धरून शटल हलकेच ढकलायचे, ते जाळीच्या पट्टीला जेमतेम चुकवून समोरच्या सर्व्हिस रेषेपाशी उतरले पाहिजे. बोटभर वर गेले की समोरचा पुढे झेपावून ते खाली मारतो. सर्व्हिस नीट पडली तर प्रतिस्पर्ध्याला शटल उचलावे लागते, आणि मग जाळीपाशी उभी असलेली जोडीदार ते टिपते किंवा मागच्याला स्मॅशची संधी मिळते. वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्या जोडीला इथे बोलावे लागत नाही. पुढची डावीकडे सरकली की मागच्याला उजवा कोपरा आपला हे कळलेले असते.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मातेउश्याकने वोगोशबरोबर पुरुष दुहेरीची आणि कोस्त्यूचिकबरोबर मिश्र दुहेरीचीही उपांत्यपूर्व फेरी गाठली. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन्ही प्रकारांत शेवटच्या आठांत येणे शरीराची परीक्षा पाहणारे असते. पुढच्या दोन वर्षांत मिश्र जोडीने सुपर सिरीज, म्हणजे तेव्हाच्या वरच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या मालिकेत, हाँगकाँग (२००९) आणि इंडोनेशिया (२०१०) या स्पर्धा जिंकल्या. जकार्तातली ती २०१० ची स्पर्धा भारतीय वाचकांना आठवत असेल, कारण महिला एकेरीचे विजेतेपद तेव्हा साइना नेहवालने मिळवले होते. त्याच कोर्टवर, त्याच आठवड्यात, पोलंडची ही जोडी मिश्र दुहेरीत अव्वल ठरली. दुहेरीवर प्राण ओवाळून टाकणाऱ्या जकार्ताच्या प्रेक्षकांपुढे एका युरोपीय जोडीने जिंकणे, हे माझ्या मते त्यांच्या पदकांइतकेच मोलाचे आहे.

एप्रिल २०१२ मध्ये स्वीडनच्या कार्ल्सक्रोना शहरात दोघांनी युरोपीय सुवर्णपदक मिळवले. युरोपात या प्रकारावर डेन्मार्कची पकड किती घट्ट आहे हे लक्षात घेतले की या विजयाचे वजन कळते. मातेउश्याक तेव्हा ३६ वर्षांचा होता.

त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथमच दुहेरीत गटसाखळी आली: सोळा जोड्या, चार गट, प्रत्येक गटातल्या पहिल्या दोन जोड्या पुढे. मातेउश्याक आणि झ्येंबा गटातून पुढे गेले, पण उपांत्यपूर्व फेरीत थांबले. रिओत, वयाच्या चाळिशीत, त्याने झ्येंबाबरोबर तिसऱ्यांदा हीच फेरी गाठली. गटात ब्रिटनच्या ॲडकॉक दांपत्याला त्यांनी हरवले होते. उपांत्यपूर्व सामन्यात मलेशियाच्या चॅन पेंग सून आणि गोह लिऊ यिंग यांनी त्यांना दोन गेममध्ये नमवले. मलेशियाची ही जोडी पुढे रौप्यपदकाची मानकरी ठरली.

ऑलिंपिक पदक नाही म्हणून त्याचे नाव यादीत खाली टाकणाऱ्यांनी एवढे पाहावे: २००८, २०१२ आणि २०१६ या तिन्ही वेळी मिश्र दुहेरीत शेवटच्या आठांत पोलंडची जी जोडी होती, तीत तेच दोघे होते.